जिमनॅशियम: शाळा की तालीम?

आल्बर्ट आइन्स्टाइनचं कुठलंही चरित्र उघडा, सुरुवातीच्या पानांतच कळतं की १८९४ च्या डिसेंबरात, पंधराव्या वर्षी, त्यानं म्युनिकमधलं लुइटपोल्ड जिमनॅशियम सोडलं. आपल्याला वाटतं, सोडलं तर सोडलं. जानेवारीत जिमला नाव घालून फेब्रुवारीत सोडणारे आपल्या ओळखीत पायलीला पन्नास आहेत. पण आइन्स्टाइननं सोडली होती ती शाळा, आणि तीही अशी, की जर्मनीत विद्यापीठात जायचं तर राजरस्ता तिच्यातूनच जायचा. घरच्यांची झोप उडाली ती त्यामुळे.

शब्द एकच. लंडनमध्ये तो व्यायामाचा हॉल, बर्लिनमध्ये माध्यमिक शाळा. स्टॉकहोममध्ये सोळा ते एकोणीस वयाची मुलं त्यात शिकतात, अथेन्समध्ये बारा ते पंधरा वयाची, रोममध्ये चौदा ते सोळा. पॅरिसमध्ये 'झिम्नाझ' म्हणजे बास्केटबॉल, जिमनॅस्टिक्सची बंदिस्त जागा. तिथून ट्रेननं स्वित्झर्लंडमधल्या लोझानला उतरलात, की भाषा फ्रेंचच, शब्दही तोच, पण अर्थ पुन्हा शाळा. सगळ्यात मजा नेदरलँड्समध्ये आहे. तिथे मुलगी लॅटिन-ग्रीक शिकायला 'खिम्नासियुम'मध्ये जाते आणि तिचे वडील पोट कमी करायला 'स्पोर्टस्कूल'मध्ये.

परकी भाषा शिकवणारे अशा शब्दांना फसवे मित्र म्हणतात, त्यांची यादी देतात आणि सांभाळून राहा म्हणतात. या शब्दाच्या बाबतीत तेवढ्यावर थांबणं म्हणजे चांगली गोष्ट वाया घालवणं. अर्थ कुठे आणि का वळला हे पाहू लागलो की युरोपातल्या शाळांचा इतिहास उलगडतो. आणि आणखी एक गोष्ट लक्षात येते. अर्थ कसाही वळो, या शब्दाच्या दारावर नेहमी कुणीतरी पहारेकरी उभा असतो.

कपडे काढून आत या

मूळ ग्रीक शब्द गिम्नासिओन. त्याच्या पोटात 'गिम्नोस' आहे, म्हणजे नागडा. ग्रीक पुरुष अंगावर सूतही न ठेवता व्यायाम करत. त्यावरून 'गिम्नाझेइन' म्हणजे उघड्या अंगानं कसरत करणं, आणि ती करायची जागा ती गिम्नासिओन. 'गिम्नोस'चं नातं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ संस्कृत 'नग्न', लॅटिन 'नुदुस' आणि इंग्रजी 'नेकेड' यांच्याशी जोडतात. ग्रीकमध्ये अक्षरांची बरीच मोडतोड झाली आहे खरी. पण असले शब्द सरळ उच्चारायला लोक बिचकतात आणि जरा वाकवून बोलतात, असं तिचं कारण दिलं जातं. आपला 'नागडा' याच 'नग्न'चा वंशज. तेव्हा नाक्यावरची आरसेवाली एसी जिम आणि 'नागडा' हे दूरचे का होईना, भाऊबंद आहेत. अलेक्झांडरच्या लोकांना तक्षशिलेपाशी वस्त्रहीन तपस्वी भेटले, तेव्हा ग्रीकांनी त्यांना नाव दिलं 'गिम्नोसोफिस्ट', नागडे तत्त्वज्ञ. तिथेही शब्द हाच.

ही जागा असायची कशी? मोकळं पटांगण, भोवती खांबांच्या ओसऱ्या, धावायची पट्टी, अंघोळीची सोय आणि कुस्तीचा आखाडा, ज्याला 'पालेस्त्रा' म्हणत. अंगाला ऑलिव्हचं तेल चोळायचं, वर बारीक माती, मग जोर-कुस्ती, आणि शेवटी धातूच्या वाकड्या पट्टीनं ते तेल, घाम आणि माती खरवडून काढायची. खरवडलेला मळ फेकून देत असतील असं आपल्याला वाटेल. छे! त्याला 'ग्लोइओस' असं नाव होतं आणि तो औषध म्हणून खपायचा. रोमन लेखक प्लिनीनं त्याचे औषधी उपयोग नोंदवून ठेवले आहेत. मॅसिडोनियातल्या बेरोइया गावात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला एक शिलालेख सापडला आहे. तो म्हणजे तिथल्या गिम्नासिओनची नियमावलीच. त्यात या मळाच्या विक्रीचं उत्पन्न कुणाला जाईल याचंही कलम आहे.

त्याच नियमावलीत आत कुणाला घ्यायचं नाही याची यादी दिली आहे. गुलाम, मुक्त केलेले गुलाम, दारू प्यायलेले, वेडे, बाजारात धंदा करणारे. म्हणजे ही सगळ्या गावासाठी उघडी असलेली जागा नव्हती. स्वतंत्र नागरिक, तोही पोटापाण्यासाठी दिवसभर राबावं न लागणारा, हाच तिचा सभासद.

आता अशी रिकामपण असलेली माणसं तेल लावून ओसरीत बसली की गप्पा होणारच, आणि गप्पांना ग्रीक लोक कमी नव्हते. अथेन्समध्ये तीन नामांकित गिम्नासिओन होती. एकाचं नाव अकादेमिया. तिथे इसवी सनापूर्वी ३८७ च्या सुमाराला प्लेटो शिकवू लागला. दुसरं लिकेइओन. तिथे ३३५ मध्ये ॲरिस्टॉटलनं आपलं बस्तान मांडलं. तिसरं किनोसार्गेस. ज्यांच्या आई-वडिलांपैकी एक जण अथेन्सबाहेरचा असे अशा, थोडक्यात 'शुद्ध' न मानलेल्या लोकांसाठी ते होतं. पहिल्या दोन नावांतून आजच्या जगातल्या यच्चयावत अकादमी आणि लिसेयम निघाल्या. क्रिकेट अकादमी हे नाव ऐकून कुणी नाक मुरडलं तर खुशाल सांगावं, की हा शब्द आधी मैदानाचाच होता. ॲरिस्टॉटलच्या लिकेइओनचे अवशेष १९९६ मध्ये अथेन्सच्या मध्यवस्तीत सापडले, तेही एका संग्रहालयाचा पाया खणताना. २०१४ पासून ते लोकांना बघायला खुले आहेत.

तर मूळ जागेत शरीर आणि बुद्धी एकाच आवारात होती. अलेक्झांडरनंतर ग्रीक जिथे जिथे गेले तिथे त्यांनी ही जागा नेली. ती दिसली की हे ग्रीक गाव, अशी ओळखच पटायची. अफगाणिस्तानात अमुदर्याच्या काठी आय-खानुम इथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना असं गिम्नासिओन सापडलं. तिथल्या लेखात त्रिबालोस आणि स्त्रातोन या दोघा भावांनी ते हेर्मेस आणि हेराक्लिस या देवांना अर्पण केल्याचं म्हटलं आहे. जेरुसलेममध्ये इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराला यासोन नावाच्या मुख्य पुरोहितानं गिम्नासिओन उभारलं, तेव्हा धर्मनिष्ठ ज्यूंना ते अजिबात रुचलं नाही. पुजारी वेदी सोडून आखाड्यात पळतात, अशी तक्रार त्या काळच्या ग्रंथात नोंदलेली आहे.

दोन तुकडे

रोमन लोकांनी ग्रीकांकडून पुष्कळ उचललं, पण चारचौघांत कपडे उतरवून कसरत करणं त्यांना ओंगळ वाटायचं. अंघोळीच्या भव्य इमारतींत व्यायामाची सोय त्यांनी ठेवली, पण 'जिमनॅशियम' या शब्दाभोवतीचं ग्रीक वलय त्यांना आवडलं ते विद्येचं. सिसेरो या नामांकित रोमन वक्त्याच्या, तुस्कुलुम गावच्या बागबंगल्यात दोन जिमनॅशियम होती. एकाचं नाव त्यानं ठेवलं होतं अकादमी, दुसऱ्याचं लिसेयम. तिथे जोर-बैठका कुणी काढत नव्हतं, मित्रांबरोबर तत्त्वज्ञानाच्या चर्चा चालत. शब्दाचे दोन तुकडे पडायला इथून सुरुवात झाली.

पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकात युरोपातल्या विद्वानांना ग्रीक-लॅटिनचं वेड लागलं. शाळेला साधं 'शाळा' म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटू लागलं आणि जुन्या पोथ्यांतून भारदस्त नावं निघाली. १५३८ मध्ये योहानेस श्टुर्म यानं स्ट्रासबुर्ग शहरात लॅटिन शाळांना एकत्र करून एक नवी शाळा काढली आणि तिला जिमनॅशियम म्हटलं. मुलांचे वर्ग पाडायचे, प्रत्येक वर्गाचा ठरलेला अभ्यास, परीक्षा झाली की वरच्या वर्गात. आज आपल्याला यात नवल वाटणार नाही, पण तेव्हा हे नमुनेदार ठरलं. जर्मन भाषेच्या प्रदेशात, विशेषतः प्रोटेस्टंट शहरांत, या शाळेची नक्कल झाली आणि नमुन्याबरोबर नावही गेलं. स्वीडनचं पहिलं जिमनॅशियम १६२३ मध्ये वेस्तेरोस गावी, तेही एका बिशपनंच काढलेलं.

मग इंग्लंड-फ्रान्समध्ये हे नाव का रुजलं नाही? माझ्या मते उत्तर अगदी साधं आहे. ती जागा आधीच भरलेली होती. इंग्लंडमध्ये लॅटिन शिकवणारी शाळा म्हणजे ग्रामर स्कूल, फ्रान्समध्ये 'कोलेज'. पुढे १८०२ मध्ये नेपोलियननं सरकारी शाळा काढल्या त्यांना नाव दिलं 'लिसे', म्हणजे ॲरिस्टॉटलच्या मैदानाचं. नव्या शब्दाला शाळेच्या अर्थानं शिरायला फटच उरली नव्हती. उरला तो दुसरा तुकडा, शरीराचा. तो जिवंत ठेवला वैद्यांनी. इटालियन वैद्य जिरोलामो मर्कुरियाले यानं १५६९ मध्ये प्राचीनांच्या व्यायामकलेवर लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ छापला आणि व्यायाम आरोग्यासाठी कसा करावा याची चर्चा सुशिक्षितांत सुरू झाली. इंग्रजीत 'जिमनॅशियम' आला तो सोळाव्या शतकाच्या शेवटी, व्यायामाच्या जागेच्या अर्थानं. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याचं शेपूट गळालं आणि 'जिम' उरला, जो आपल्याकडे पोचला.

असा शब्द फाटणं मराठी माणसाला परकं वाटू नये, कारण आपल्याकडे 'तालीम' नेमकी तशीच फाटली आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिकवणं, शिक्षण. उर्दूत आजही तालीम म्हणजे शिक्षण. 'तालीम कहाँ तक हुई' असं लखनौत विचारलं तर माणूस पदवी सांगतो. कोल्हापुरात तालीम कुठली विचारलं तर पेठ आणि वस्ताद सांगतो. मराठीनं त्यातून लाल मातीचा आखाडा घेतला आणि नाटकाची तालीम घेतली, पुस्तकं तेवढी उर्दूकडे राहिली. युरोपात बर्लिननं उर्दूसारखं केलं आणि लंडननं मराठीसारखं.

प्रशियाचं कुलूप

शाळेचा अर्थ खऱ्या अर्थानं पक्का केला प्रशिया या जर्मन राज्यानं. १७८८ मध्ये तिथे शाळा संपताना द्यायच्या परीक्षेचा, 'आबिटुअर'चा नियम आला. विल्हेल्म फॉन हुम्बोल्टनं १८०९-१० मध्ये शिक्षणखातं हाती घेऊन त्याची मांडणी बदलली, आणि १८१२ च्या आदेशानं ठरलं की विद्यापीठासाठी तयारी करून घेणाऱ्या शाळांनाच जिमनॅशियम म्हणायचं. तोवर कुणीही आपल्या शाळेला हे नाव लावत असे. आता ते सरकारी मोहोर असलेलं नाव झालं. १८३४ नंतर आबिटुअरशिवाय विद्यापीठाचं दार जवळपास बंदच झालं. मुलींसाठी ते दार आधीपासूनच बंद होतं. जर्मनीतलं मुलींचं पहिलं जिमनॅशियम उघडलं १८९३ मध्ये, कार्ल्सरूह शहरात.

या शाळांत ग्रीक होतं, लॅटिन होतं, होमर होता. नव्हता तो व्यायाम, ज्यावरून शब्द निघाला! ती उणीव भरून काढली फ्रीडरिश लुडविग यान या माणसानं. हा बर्लिनच्या एका जिमनॅशियमात शिकवायचा. नेपोलियननं प्रशियाचा धुव्वा उडवला होता, तरुण पोरं धडधाकट झाली तरच देश उठेल असं याला वाटे. मोकळ्या दुपारी विद्यार्थ्यांना घेऊन तो गावाबाहेर जायचा. १८११ मध्ये हाझेनहाइडे इथे त्यानं उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं. आजच्या जिमनॅस्टिक्समधले समांतर दांडे आणि आडवा बार लोकांत रुजले ते या मैदानातून.

यान कट्टर जर्मनवादी होता. 'गिम्नास्टिक' हा ग्रीक शब्द त्याला नको होता, म्हणून अस्सल जर्मन म्हणून त्यानं 'टुर्नेन' हा शब्द शोधून काढला. जर्मनीत शाळेतल्या व्यायामाच्या हॉलला त्यावरून आजही 'टुर्नहाले' म्हणतात. गंमत अशी की 'टुर्नेन'सुद्धा लॅटिनमधून आलेला, आणि लॅटिननं तो ग्रीकमधून उचललेला. म्हणजे पुढच्या दारानं हाकललेला ग्रीक पाहुणा मागच्या दारानं येऊन पाटावर बसला. सरकारला मात्र शब्दांपेक्षा या तरुणांच्या राजकारणाची धास्ती होती. १८१९ मध्ये यानला अटक झाली आणि पुढच्या वर्षी प्रशियात टुर्नेनवर बंदी आली. ती १८४२ पर्यंत टिकली.

ज्याचं त्याला परत

ग्रीस स्वतंत्र झाला आणि त्याच्या गादीवर बसायला १८३३ मध्ये बव्हेरियाचा राजपुत्र ओटो आला. वय सतरा, बरोबर जर्मन अधिकाऱ्यांचा ताफा. त्यांनी शाळांची घडी घातली ती अर्थातच आपल्या गावच्या नमुन्यावर. १८३६ च्या आदेशानं ग्रीसला माध्यमिक शाळा मिळाल्या आणि त्यातल्या वरच्या शाळेचं नाव गिम्नासिओ. म्हणजे ग्रीकांचा शब्द दोन हजार वर्षं जगभर फिरून, जर्मन शिक्का मारून ग्रीकांना परत मिळाला. १९७६ मध्ये या शाळेचे दोन भाग केले. आधीची तीन वर्षं गिम्नासिओ, नंतरची तीन लिकिओ. अथेन्समधला आजचा मुलगा रोज 'गिम्नासिओ'त जातो, पंधराव्या वर्षी ॲरिस्टॉटलच्या मैदानाच्या नावात दाखल होतो, आणि वजन उचलायचं असेल तर तिसरीकडेच, 'यिम्नास्तिरिओ'त.

इटलीतलं प्रकरण सांगताना मला नेहमी हसू येतं. तिथे जुन्या पद्धतीत पाच वर्षं 'जिन्नाझिओ' आणि मग तीन वर्षं 'लिचेओ' असायची. १९४० मध्ये जिन्नाझिओची पहिली तीन वर्षं काढून त्यांची एक वेगळी शाळा केली. उरली दोन, चौथं आणि पाचवं. पण त्यांना पहिलं-दुसरं म्हणायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही! त्यामुळे अभिजात शाखेतला मुलगा पहिल्या दिवशी थेट 'चौथ्या जिन्नाझिओ'त बसायचा, दोन वर्षांनी 'पहिल्या लिचेओ'त. २०१० मध्ये सरकारनं सरळ पहिलं ते पाचवं वर्ष अशी गणती सुरू केली, तरी लोकांच्या तोंडात चौथं-पाचवं आहेच. व्यायामाच्या जागेला ते म्हणतात 'पालेस्त्रा', ग्रीकांचा कुस्तीचा आखाडा.

पोलंडमध्ये १९९९ साली तीन वर्षांचं 'गिम्नाज्युम' मधल्या वयाच्या मुलांसाठी काढलं. गावोगावच्या मुलांना आणायला ज्या बस निघाल्या त्यांना लोक 'गिम्बुस' म्हणू लागले. पुढे सरकार बदललं, नव्या सरकारला ही शाळा पसंत नव्हती, २०१७ पासून ती मोडीत निघाली आणि २०१९ मध्ये शेवटची मुलं बाहेर पडली. ज्या वयाच्या पोलिश तरुणांनी ती पाहिली तेवढ्यांच्याच आठवणीत हा अर्थ राहील. पोलिश भाषेत जिमला 'शिवोव्न्या' म्हणतात, 'शिवा' म्हणजे ताकद, त्यावरून.

फ्रान्सची सीमा तर बघण्यासारखी आहे. श्टुर्मचं स्ट्रासबुर्ग नंतर फ्रान्सकडे गेलं. ती शाळा अजून चालू आहे आणि तिच्या नावात अजून 'झिम्नाझ' आहे. एरवी फ्रान्समध्ये झिम्नाझ म्हटलं की बुटांचे आवाज आणि घामाचा वास, इथे मात्र परीक्षेचे पेपर. नेदरलँड्समध्ये ग्रीक-लॅटिन घेतलं तर शाळेला जिमनॅशियम म्हणतात, त्याच दर्जाचं पण त्या भाषा वगळून शिकलं तर 'आथेनेउम', म्हणजे देवी अथीनाचं ठिकाण. नॉर्वेनं १९७० च्या दशकात हे नावच काढून टाकलं आणि 'पुढचं शिक्षण देणारी शाळा' अशा अर्थाचं साधं नाव ठेवलं. त्यात फार काही सांगण्यासारखं नाही, फक्त समतेचा विचार नावातही उतरवायचा तो एक मार्ग होता.

समता म्हटली की रशिया आठवतो. तिथल्या झारकालीन 'गिम्नाझिया' जर्मन धर्तीच्या. १८८७ मध्ये शिक्षणमंत्री इव्हान देल्यानोव्ह यानं एक परिपत्रक काढलं. गाडीवान, नोकर, स्वयंपाकिणी, धोबिणी, छोटे दुकानदार अशांच्या मुलांना, अगदीच असामान्य बुद्धीचा असेल तर सोडून, गिम्नाझियात घेऊ नये. त्यांना त्यांच्या परिस्थितीतून वर काढायचं कारण नाही. लोकांनी त्या परिपत्रकाला 'स्वयंपाकिणीच्या मुलांचं परिपत्रक' म्हणून कायमचं बदनाम केलं. त्याच वर्षी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवरही टक्केवारीची मर्यादा आली. बेरोइयाचा शिलालेख आणि हे परिपत्रक यांत दोन हजार वर्षांचं अंतर आहे, वाचताना ते जाणवत नाही. क्रांतीनंतर १९१८ मध्ये गिम्नाझिया बंद झाल्या. सोव्हिएत काळ संपता संपता त्या पुन्हा उगवल्या आणि आज तिथे हे नाव जरा वरच्या दर्जाच्या शाळेचं मानलं जातं.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर म्युनिकमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाला विचारा. बव्हेरियात चौथीचं वर्ष म्हणजे घरात दहावी असल्यासारखं वातावरण. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली आली तर मूल जिमनॅशियमला जाऊ शकतं. तिथे १ हा सर्वांत वरचा दर्जा, त्यामुळे आकडा जितका लहान तितका बरा. सरासरी घसरली तर प्रायोगिक वर्गाचा मार्ग असतो, पुढे दुसऱ्या वाटांनीही विद्यापीठ गाठता येतं. तरी नऊ-दहा वर्षांच्या मुलाची वाट इतक्या लवकर ठरवावी का, यावर जर्मनीत खुद्द जर्मनांचेच वाद चालू असतात. भारतातल्या आजीला फोनवर 'नातू जिमनॅशियमला लागला' असं सांगितलं की ती पहिल्यांदा त्याच्या खाण्यापिण्याची चौकशी करणार, हा भाग वेगळा.

आपण केलेली भर

या शब्दाची शेवटची शाखा हिंदुस्थानात फुटली, आणि तिथून युरोपात गेली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या रॅकेट खेळायच्या कोर्टाला इथले लोक हिंदुस्थानीत 'गेंदखाना' म्हणत. गेंद म्हणजे चेंडू, खाना म्हणजे फारसीत घर. इंग्रजांच्या कानाला त्यातला 'गेंद' अनोळखी, 'जिम' ओळखीचा. तेव्हा जिमनॅस्टिक्सच्या वजनावर 'गेंद'चा 'जिम' झाला आणि जिमखाना तयार झाला. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ मध्ये अँग्लो-इंडियन शब्दांचा जो कोश छापला त्यात ही व्युत्पत्ती आहे. रुरकीला १८६१ मध्ये जिमखाना स्थापन झाला, तिथपर्यंत त्यांनी या शब्दाचा माग काढला होता. म्हणजे अर्धा ग्रीक नागडा आणि अर्धं फारसी घर, असं हे जोडकाम.

मुंबईत बॉम्बे जिमखाना १८७५ चा. तो युरोपियनांचा, आणि पहारेकरी इथेही होताच. भारतीय माणसाला सभासदत्व नाही. मग १८८५ मध्ये पारशी जिमखाना, १८९४ मध्ये हिंदू जिमखाना, शिवाय इस्लाम जिमखाना असे ज्याचे त्याचे जिमखाने समुद्राकाठी उभे राहिले. भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये झाला तो बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर, आणि त्यात लाला अमरनाथनं शतक ठोकलं. पुण्यात १९०६ चा डेक्कन जिमखाना आज संस्थेपेक्षा पत्ता म्हणून जास्त चालतो. 'डेक्कनला उतरतो' म्हणणाऱ्याला व्यायामाशी किंवा रॅकेटशी काही देणंघेणं नसतं. कॉलेजात जिमखाना म्हणजे खेळांचा विभाग आणि फीच्या पावतीवरची एक ओळ. एका शब्दाचे हे तीन अर्थ मराठीतच झाले.

साहेब निवृत्त होऊन घरी गेले तेव्हा शब्द बरोबर घेऊन गेले. इंग्लंडमध्ये जिमखाना म्हणजे तट्टांवर बसून मुलांनी खेळायच्या शर्यती. खांबांना वळसा घालत तट्टू पळवायचं, वगैरे. तिथून तो इतर भाषांत शिरला. स्पॅनिशमध्ये त्याचा 'यिंकाना' झाला. गट पाडून, कोडी सोडवत, एका ठिकाणाहून दुसरीकडे धावत खेळायचा खेळ. शाळांच्या सहलींत तो हमखास असतो. पोर्तुगीजमध्ये 'जिंकाना' म्हणजे साधारण तसलीच चुरस. इटालियन लोकांनी त्याला मोटारींच्या अडथळ्याच्या शर्यतीला जुंपलं, आणि मग रोजच्या बोलण्यातही तो आला. उभ्या गाड्या, स्कूटर आणि रस्त्यातले खड्डे चुकवत वाट काढायची, त्याला रोममध्ये 'जिंकाना करणं' म्हणतात. या अर्थानं पावसाळ्यात मुंबईकर रोज जिंकाना करतो. त्यासाठी सभासदत्व लागत नाही.